अर्धा निळा आंबा

इचरजबाईंच्या आंब्यावर आमरीची, म्हणजे ऑर्किडची, पिल्लं आली आहेत, ही बातमी रजनीबाईंना फोनवर कळली, आणि सांगणारी त्यांचीच भाची होती. पिल्लं त्या आंब्यावर आली हे जास्त लागलं, की ती आधी गंधालीला दिसली हे, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. कणकेचा हात तसाच वर धरून त्या ओट्याशी उभ्या राहिल्या.

"आत्या, ऐकतेस ना? शेकडो आहेत. तिळाएवढी. सालीच्या भेगाभेगांत."

"ऐकतेय. जेवायला किती वाजता येताय दोघं? भरली वांगी केलीत."

"आम्ही इथेच जेवतोय गं. दादी सोडतच नाहीत."

दादी. सकाळी चहा पिऊन काकांच्या गाडीत बसलेली मुलगी जेवणाच्या वेळेपर्यंत इचरजबाईंची नात होऊन बसली होती. रजनीबाईंनी फोन ठेवला आणि वांग्याच्या पातेल्यावर झाकण जरा जोरातच आपटलं.

ही आमरी मुळात रजनीबाईंची, म्हणजे त्यांच्या माहेरची. हसनाबादला वडिलांच्या शेताच्या बांधावर एक शेपू आंबा होता. त्याच्या आडव्या फांदीवर रास्नाचा, म्हणजे याच आमरीचा, जाड गुच्छ लोंबायचा. उन्हाळ्यात त्याला फुलं यायची, पिवळट तपकिरी, चौकडीच्या लुगड्यासारखी, आणि मधोमध निळसर जीभ. वास असा की झाडाखाली गोधडी टाकून पडलेल्या माणसाला उठावंसंच वाटू नये. गडी तिला बांडगूळ म्हणायचे आणि कोयत्याने खरवडायला बघायचे. वडील लांबूनच म्हणायचे, "अरे, ते झाडाचं काही खात नाही. नुसतं बसलंय. बसू द्या." आपण वनस्पतिशास्त्राकडे वळलो ते या वाक्यामुळे, असं रजनीबाई पुढे वर्गात सांगत.

वडील गेले, भावांनी नव्या विहिरीसाठी तो आंबा पाडला, तेव्हा रजनीबाईंनी तो गुच्छ ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीतून मांडीवर जालन्याला आणला. तेव्हा त्या जुन्या जालन्यात राहायच्या. भिंतीला भिंत लागून बद्रीनारायणजींचं घर होतं, खाली बियाण्याचं दुकान. बद्रीनारायणजींच्या इचरजबाईंशी रजनीबाईंची मैत्री रोजच्या वाटीभर भाजीच्या देवाणघेवाणीतून झालेली. गुच्छाचे दोन भाग करून एक रजनीबाईंनी त्यांना दिला. इचरजबाईंनी तो टेंभुर्णीच्या मोसंबीच्या बागेत नेला, बांधावरच्या आंब्याला जुन्या ओढणीच्या चिंधीने बांधला आणि विसरून गेल्या.

रजनीबाई मात्र विसरल्या नाहीत. नवं घर बांधलं तेव्हा अंगणात बकूळ लावली ती रास्नासाठी. रास्नाला गाळलेलं पाणी, मोजकं खत, मऊ फडक्याने पानं पुसणं. फुलं आली की दात कोरायच्या काडीने पराग या फुलातून त्या फुलात. शेंगा धरायच्या, वाळायच्या, तडकायच्या, आतून पिठीसारखं बी उडायचं. ते चिमटीत धरून त्या बकुळीच्या सालीत चोळायच्या. दर हिवाळ्याला. इतक्या वर्षांत त्यातून एक पिल्लू आलं नव्हतं.

कॉलेजात आमरीचा धडा आला की त्या फळ्यावर एक वाक्य लिहीत: आमरीच्या मुळांत सहजीवी बुरशी असते, तिच्याशिवाय बी रुजत नाही. मुलं उतरवून घेत. परीक्षेत ते दोन गुणांना येई. त्या वाक्याच्या आत नेमकं काय चालतं ते शोधावं, अशी त्यांची फार इच्छा होती. विद्यापीठातल्या एका सरांनी विषयाला होकारही दिला होता. मग मुकुल झाला, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, सर निवृत्त झाले. कोणी नको म्हटलं नाही. नुसतं राहून गेलं.

आणि आता त्या वाक्याच्या आत त्यांच्या भावाची मुलगी जाऊन बसली होती. गंधाली बंगळूरच्या प्रयोगशाळेत नेमकं हेच शोधत होती, आणि नमुने घ्यायला सप्टेंबरात जालन्याला आली ती आत्याच्या रास्नासाठी. निदान रजनीबाईंचा समज तसा होता. पाहुण्यांची खोली त्यांनी आठवडाभर आधी झाडून ठेवली होती. कॉलेजातून निरोप घेताना मिळालेलं पितळी मुठीचं भिंगही पुसून टेबलावर ठेवलं होतं.

"नको आत्या, माझ्याकडे आहे," गंधालीने फोनला लावायची काचेची टिकली दाखवली होती.

आल्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून तिने सगळं सांगितलं. भालचंद्रराव, रजनीबाईंचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना झाडापेक्षा गोष्टीत रस.

"काका, हरभऱ्याच्या दाण्यात दोन डाळी असतात ना? ती कोंबाची शिदोरी. आमरीच्या बीला शिदोरीच नसते. नुसती धूळ. आईने पोराला रिकाम्या हाती घराबाहेर धाडलेलं."

"काय आई म्हणायची. मग ते पोर जगतं कसं?"

"बुरशीचा धागा येतो. आता कुठलीही पेशी धागा दिसला की दार लावून घेईल, कारण बहुतेक धागे खायलाच आलेले असतात. आमरीची पेशी आधी चौकशी करते. धाग्याने सोडलेले रेणू ओळखणारी प्रथिनं तिच्या अंगावर असतात. ओळख पटली की आत केंद्रकाशी कॅल्शियमचे ठोके पडायला लागतात, आणि त्या ठोक्यांवर एकेक जनुक जागं होतं. निदान आम्हाला तसं वाटतं, तेच तर बघायचंय. गंमत म्हणजे ही जनुकं आमरीची एकटीची नाहीत. ज्वारीत आहेत, तुरीत आहेत. तुरीच्या मुळांवर गाठी येतात ना, तिथेही हीच मंडळी. फार जुनं कुलूप आहे ते. आमरीने त्याला आपली किल्ली करून घेतली."

"आणि धागा आत आला की?"

"वेटोळं घालून बसतो. पण पेशी त्याच्याभोवती स्वतःचं अस्तर धरून ठेवते. म्हणजे आत असूनही तो आत नसतो. त्या अस्तरात साखर आत घेणारी दारं असतात. धाग्यातली साखर, नत्र, सगळं त्या दारांतून पिल्लाकडे. एरवी झाड बुरशीला साखर देतं, इथे उलटं. आणि काही दिवसांनी पेशी ते वेटोळंच पचवून टाकते."

"घरजावई म्हण की," भालचंद्रराव म्हणाले. "कमावून आणायचं, आणि शेवटी सासरच्यांनी त्यालाच खायचं."

"पण दुसरा जावई लगेच येतो, काका."

दोघं हसली. रजनीबाई पोळ्या लाटत होत्या. "कुठली बुरशी?" त्यांनी विचारलं.

"रायझोक्टोनियाच्या घराण्यातली."

"ती तर कपाशीची मुळं कुजवते."

"तीच तर मजा आहे ना आत्या. एकाच घराण्यातली एक मारायला येते, एक सांभाळायला."

हे रजनीबाईंना माहीत नव्हतं. पोळी तव्यावर जरा करपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंधालीने बकुळीवरच्या रास्नाचं एक मूळ कापलं आणि सूक्ष्मदर्शीखाली बराच वेळ बघितलं. "इतकं स्वच्छ मूळ मी कधी पाहिलं नव्हतं," ती म्हणाली. रजनीबाईंना बरं वाटलं, पण गंधालीचा चेहरा पाहून ते फार टिकलं नाही. "कोणीच राहत नाही गं इथे. तू यावर काही मारतेस का?"

मारत होत्या. नेमाने, पंप भरून. बुरशीनाशकाची पुडी बद्रीनारायणजींच्याच दुकानातून यायची.

"आत्या, पण तूच तर शिकवायचीस."

खरंच होतं. वर्गातलं वाक्य आणि अंगणातला पंप यांची इतक्या वर्षांत कधी गाठच पडली नव्हती. रजनीबाई म्हणाल्या, "पानांवर डाग पडायचे," आणि आत गेल्या. मागून गंधालीने विचारलं, याचा तुकडा आणखी कोणाला दिला होतास का. तेव्हा टेंभुर्णीचं नावही त्यांनीच सांगितलं.

त्यानंतर गंधालीचा मुक्काम पाहुण्यांच्या खोलीत नावापुरता राहिला. सकाळी जायची, अंधार पडताना यायची, अंगाला मोसंबीच्या पाल्याचा वास. आज दादींनी मला कैरीचं लोणचं दिलं. आज दादींनी माझ्या केसांना तेल लावलं. दादी म्हणतात, तू वाळलीस. रजनीबाई ऐकत. आपण तिला लहानपणी न्हाऊ घातलं, तिची आई बाळंतपणात आजारी होती तेव्हा रात्र रात्र मांडीवर घेतलं, हे तिला आठवणार नाही, आणि सांगितलं तर ते बरं दिसणार नाही.

"इचरजबाई करतात काय त्या झाडाला?" एका रात्री अंथरुणावर त्यांनी भालचंद्ररावांना विचारलं.

"काही नाही. तेच तर. ते अजून जगलंय हेसुद्धा त्यांना धड माहीत नव्हतं."

हे ऐकून तर त्यांना झोप लागेना. इचरजबाईंनी जिवापाड मेहनत केली असती, तर एक वेळ सोसलं असतं.

जाताना गंधालीने बजावून सांगितलं, दसऱ्यानंतर ती परत येणार. तोवर पिल्लांना पहिलं हिरवं पान फुटलेलं असेल. पान फुटण्याआधी कुठली जनुकं जागी होती आणि पान फुटल्यावर कुठली, हे ताडून बघायचं. तिळाएवढ्या पिल्लांचे पहिले नमुने तिने नळ्यांत भरून नेले होते. "दुसरे मिळाले नाहीत तर पहिल्यांना अर्थ नाही, आत्या. माझं सगळं वर्ष त्या सालीत आहे."

ऑक्टोबरात मोसंबीची पहिली तोड झाली, आणि दर वर्षीसारखं इचरजबाईंचं जेवणाचं बोलावणं आलं. भालचंद्रराव रजनीबाईंना बागेत सोडून जाफराबादला जुन्या मित्राकडे गेले. ओसरीवर दोन ताटं मांडली होती. समोर मोसंबीच्या रांगा, आणि बुंधे सगळे निळसर पांढरे, नुकते पाटलोण घातल्यासारखे. पावसाळा सरला की मोरचूद आणि चुना कालवून बुंध्यांना लावायचं, म्हणजे डिंक्या येत नाही, बुरशी धरत नाही. बोर्डो म्हणतात त्याला. इकडे ते पोरासोरांनाही माहीत असतं.

बागेतला गडी कचरू बादली आणि कुंचा घेऊन बांधाकडे निघाला होता. बांधावर तो आंबा.

"तो तिकडे कुठे चाललाय?" रजनीबाईंनी विचारलं.

इचरजबाईंनी ताटात बाजरीची भाकरी ठेवली आणि आवाज खाली आणला. "आंब्याला लावायला धाडलाय. पोरीला सांगू नका हां. ती येऊन बघंल तवा खूश होईल."

"आंब्याला? कशाला?"

"पोरगी म्हणत होती ना, दादी, तुमच्या झाडाला लई बुरशी हाय. हसून म्हणली बिचारी, मला वाईट वाटू न्हाई म्हणून. मी काय बगीच्यातली न्हाई का? बुरशी म्हंजी काय ते मला कळतं. पिल्लं सडली म्हंजी तिचं काम बुडलं. म्हणलं, ती यायच्या आधी बिलकुल साफ करून टाकू. मोरचूद जरा जास्तीच घालायला लावलंय. वर बेचक्यापर्यंत लाव म्हणलं."

रजनीबाईंच्या तोंडात घास होता. अहो, थांबवा त्याला, हे शब्द त्या घासाच्या मागेच होते. घास गिळला, शब्दही खाली गेले.

"हं," त्या म्हणाल्या.

कचरूने आंब्याच्या बुंध्याशी बादली टेकवली. ओसरीवरून सगळं स्वच्छ दिसत होतं. मोरचूद सालीच्या भेगांत उतरेल. धागे आधी मरतील. पिल्लांच्या आत जी वेटोळी असतील ती पचून संपतील आणि नवा धागा येणार नाही. हिरवं पान अजून धड फुटलेलं नाही, शिदोरी कधी नव्हतीच. थोड्या दिवसांत तपकिरी होऊन तपकिरीसारखीच उडून जातील. हे एवढं नेमकं त्या बागेत दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ज्ञान त्यांच्या एकटीच्या मालकीचं होतं.

आणि त्यांना काही करायचंही नव्हतं. फक्त जेवायचं होतं.

"गट्टे घेऊ का थोडे?" त्या म्हणाल्या.

इचरजबाईंनी वाढले. बेसनाचे ते रश्शातले गट्टे. कुंचा खालून वर जात होता, साल निळी होत होती. इचरजबाई बोलत होत्या: नेहलचं, म्हणजे त्यांच्या नातसुनेचं, इंदूरला बाळंतपण, दुकानातल्या गुलाबी औषध लावलेल्या बियाण्याचे या सालचे भाव. रजनीबाई हं हं करत होत्या. पोरगी बंगळूरला परत जाईल. वर्ष जाईल. पण मग तिला टेंभुर्णीला यायचं कारण उरणार नाही. बकुळीवर पंप बंद केला तर काय सांगावं. ही त्यांच्या मनातली गोष्ट त्यांनी स्वतःच ऐकली आणि त्यांना स्वतःची जराशी भीती वाटली. तरी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"आणखी वाढा."

इचरजबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणखी वाढले.

तेवढ्यात कचरू ओसरीपाशी आला. या बाई कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो त्याच साली बागेत लागलेला.

"माय, रजनीबाईच्या आंब्याची अल्याडची बाजू झाली. पल्याड नाल्याकडून बी बेचक्यापस्तोर लावू, का आता जेवून घेऊ?"

"कोणाच्या आंब्याची?" रजनीबाईंनी विचारलं.

इचरजबाई हसल्या. "तुमच्याच की. ते झुडूप तुम्ही आणून दिल्तं, तवापासून सगळे त्याला रजनीबाईचा आंबा म्हणून राह्यले. बांधावर आंबे काय कमी हायेत? वळखायचं कसं मंग? दर साली आंब्यांची पाटी येते ना तुमच्याकडं, ती त्याच झाडाची. कधी सांगितलं न्हाई का मी?"

कचरू ओशाळून हसला आणि बाईंना नमस्कार केला. कुंच्यावरून निळा थेंब ओसरीच्या फरशीवर पडला.

रजनीबाई उष्ट्या हाताने उठल्या. या वयात आपण इतकं भरभर चालू शकतो, हे त्यांना माहीत नव्हतं. मागून कचरू, त्याच्या मागून इचरजबाई.

"पाणी आणू का, बाई? धुवून काढतो," कचरू म्हणाला. त्याला काय चुकलं ते कळलं नव्हतं, चुकलंय एवढं कळलं होतं.

"पाणी नको. ओघळ पलीकडे जाईल. कुंचा खाली ठेव. बादली दूर ने. हात लावू नकोस कुठे." त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं आणि निळ्या बाजूची कड, जिथून ओघळ कोऱ्या बाजूकडे सरकत होता तिथे, टिपून घेतली. मग थांबल्या. त्या कडेच्या पलीकडे, सालीच्या एका भेगेत, ती बसली होती. त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. तिळाएवढी, काहींना टाचणीच्या टोकाएवढा हिरवा ठिपका. हसनाबादच्या आंब्याची नातवंडं.

"बुरशी मारायची न्हाई का?" इचरजबाई धापा टाकत म्हणाल्या.

"ती बुरशी या पिल्लांना भरवते. ती मेली की ही उपाशी मरतात."

इचरजबाई बांधावरच खाली बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी पोरगी हसून सांगत होती, ते खरंच खुशीनं सांगत होती."

दसऱ्यानंतर गंधाली आली ती विमानतळावरून थेट बागेत. फोनवर तिला एवढंच सांगितलं होतं की निम्मं झाड रंगलं. ती आंब्यासमोर उभी राहिली. अर्धा बुंधा निळा, अर्धा आपल्या रंगाचा. निळ्या बाजूला तिने नखाने एक भेग उचकटली. आत चिमूटभर तपकिरी भुकटी होती.

"माझी अक्कल गेल्ती," इचरजबाई पदराने डोळे पुसत होत्या. "तुझं भलं करायला गेले, बाळा. उमर झाली, पन अक्कल न्हाई आली."

"दादी, रडू नका. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. चूक माझी, मी नीट सांगायला हवं होतं." गंधाली नाल्याकडच्या बाजूला गेली, वाकली, परत आली. तिचा चेहरा हळूहळू बदलला. "इकडे पान फुटलंय. आणि आत्या, बघ ना, एकच झाड, एकाच शेंगेचं बी, एकाच वयाची पिल्लं. एका बाजूला बुरशी आहे, दुसरीकडे नाही. निळ्या बाजूच्या काठावर काही अजून अर्धवट जिवंत आहेत. उपाशी राहिल्यावर त्यांच्यात कुठली जनुकं ओरडतात ते कळेल. मुद्दाम करायला गेले असते तर मला कोणी करू दिलं नसतं." ती पहिल्यांदा हसली. "तू वेळेवर आलीस म्हणून. लेखाखाली तुझं नाव घालून आभार मानणार आहे मी."

लेखाखाली नाव. रजनीबाईंनी आंब्याकडे पाहिलं, मग इचरजबाईंच्या सुजलेल्या डोळ्यांकडे.

"मी वेळेवर नाही, आधीच आले होते," त्या म्हणाल्या. "मी आले तेव्हा सगळं खोड कोरं होतं. कचरूने कुंचा लावला तेव्हा मी ओसरीवर बसले होते. मला दिसत होतं. इचरजबाईंनी मला कारणसुद्धा सांगितलं होतं. मी जेवत राहिले."

गंधालीला आधी कळलंच नाही. मग कळलं. "का?"

"मला ती माझ्या बकुळीवर हवी होती," रजनीबाई म्हणाल्या. आणखीही काही म्हणता आलं असतं, तेल लावलेल्या केसांबद्दल, दादी या शब्दाबद्दल. पण ते सगळं याच्यातच होतं.

गंधाली झाडाच्या पलीकडे गेली आणि तिकडेच राहिली. नाल्याकडून वारा येत होता. कुठे तरी मोसंबीचे क्रेट गाडीत टाकल्याचा आवाज झाला.

"मला ठाऊक होतं," इचरजबाई हळूच म्हणाल्या.

"काय?"

"गट्टे तुम्हाला आवडत न्हाईत. जिंदगीभर माझ्याकडं ताटात उरवता आन पोट भरलं म्हणता. त्या दिशी दोनदा मागून घेतले. तवाच म्हणलं, बाईच्या पोटात काही तरी चालून राह्यलंय." त्या थांबल्या. "काय ते कळलं न्हाई. बोर्डोचं हाय हे कळलं असतं तर म्या तुमच्या हातातलं ताट काढून घेतलं असतं."

"घ्यायला हवं होतं."

"मी काय कमी जळले का तुमच्यावर? पोरगी माझ्या घरी जेवायची आन बोलायची तुमचंच. आत्या फळ्यावर कशी लिहायची, आत्या पानं कशी पुसते. बराबर माझ्या गट्ट्यांच्या टायमाला."

ते खरं होतं की रजनीबाईंना बरं वाटावं म्हणून होतं, हे विचारायचीही सोय नव्हती.

खूप वेळाने आंब्याच्या मागून हात पुढे आला, नुसता हात.

"आत्या, तुझं भिंग आणलंयस का? माझ्या फोनला यांचा रंग नीट कळत नाहीये."

आणलं होतं. ते पर्समध्येच असायचं. रजनीबाईंनी पितळी मूठ त्या हातात दिली. चेहरा तिने दाखवला नाही, त्यांनी बघायचा आग्रह धरला नाही.

लेख यायला अजून अवकाश आहे. त्यात आभार असतील की नाही, हे रजनीबाईंनी विचारलेलं नाही. पंप त्यांनी भालचंद्ररावांना देऊन टाकला, ते त्याने गाडी धुतात आणि शेजाऱ्यांना सांगतात की हा आमच्याकडचा औषध मारणारा, आता निवृत्त झालाय. गंधालीने सांगितलं होतं की आंब्याच्या सालीचा एक कोरडा, सुटा कपचा बकुळीवर बांधून बघ, धागे आपले आपण सरकतील, नाही तर नाही.

तो कपचा घेऊन इचरजबाई स्वतः आल्या. स्टूल घेतलं, कोणालाही हात लावू दिला नाही, जुन्या ओढणीची चिंधी फाडून बकुळीला गाठ मारली आणि वर बघून म्हणाल्या, "आता याला विसरून जा. मला तेवढंच येतं."

आत फोन वाजला. "आत्या, दादी पोचल्या का? दे ना जरा."

"घ्या," रजनीबाईंनी फोन पुढे केला. "तुमच्या नातीचा आहे."

इचरजबाई फोन कानाला लावून आत गेल्या आणि रजनीबाई अंगणात आल्या. गाठ तिरकी होती, कपचा एका बाजूला कललेला. त्यांनी ती सोडायला हात घातला. आतून इचरजबाईंचं मोठ्याने हसणं आलं, मग बारीक आवाजात काही तरी, मग पुन्हा हसणं. चिंधीवर बोटं ठेवून रजनीबाई तिथेच उभ्या राहिल्या, आत काय बोलणं चाललंय ते ऐकू येतंय का बघत.